कॅसल हिलमधला बफर झोन

१९९२ च्या डिसेंबरमध्ये मला युगोस्लाव्हियाचं पोस्टिंग आलं. मी पोचेपर्यंत तो देश जवळजवळ संपला होता. तरी पोस्टिंग रद्द झालं नाही. फौजेत तसं होत नाही.

मी तेव्हा मेजर होतो. शांतिसेनेत मिलिटरी ऑब्झर्व्हरचं काम. निळी टोपी, दुर्बीण, रेडिओ सेट आणि लॉगबुक. शस्त्र नाही. एका बाजूला सर्ब, दुसऱ्या बाजूला क्रोएट, मधल्या बफर झोनमध्ये एका रिकाम्या शाळेत आम्ही. कोणी किती गोळ्या झाडल्या, ते वेळेसकट लिहायचं. अकरा महिने मी हेच केलं. एवढ्या भांडवलावर माझ्या जावयाने मला सत्तावीस वर्षांनी सिडनीत युगोस्लाव्हियाचा तज्ज्ञ करून टाकलं.

फेब्रुवारी २०२० मध्ये मी आणि माझी पत्नी सुनंदा सहा आठवड्यांसाठी लेकीकडे सिडनीतल्या कॅसल हिलला आलो. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि आम्ही अडकलो. माणूस रिटायर होतो, त्याचं रूटीन होत नाही. ०५३० उठणे, ०६०० चालणे, ०७३० नाश्ता. जावई मंदार डायनिंग टेबलावरून आयटीची नोकरी करायचा आणि दिवसभर स्क्रीनला ‘नो वरीज’ म्हणायचा. बाहेर अख्खं शहर टॉयलेट पेपरसाठी लढत होतं. ती आघाडी सुनंदाने एका वाक्यात बंद केली. बाथरूममध्ये तांब्या आहे, म्हणाली.

आमच्या डावीकडच्या घरात ड्रागान राहायचा, उजवीकडच्या घरात स्टिपे. ड्रागान सर्ब, स्टिपे क्रोएट. दोघंही पंचाहत्तरीच्या आसपास. तरुणपणी दोघं युगोस्लाव्ह सैन्यात एकाच बॅरेकमध्ये होते, सिडनीत एकाच कारखान्यात लागले, घरंही जवळजवळ घेतली. १९९१ साली तिकडे लढाई पेटली आणि इकडे यांचं बोलणं थांबलं. त्यानंतर एकोणतीस वर्षं एक शब्द नाही. दोन वर्षांपूर्वी ड्रागानची बायको ल्युबिचा गेली, तेव्हा स्टिपे तिच्या अंत्यविधीलाही गेला नाही. मधलं घर आमचं. म्हणजे पेन्शन घेऊनही मी पुन्हा बफर झोनमध्येच.

मी तिकडे होतो हे कळल्यावर दोघं रोज सकाळी मला आपापल्या कुंपणाशी गाठायचे आणि दीड मीटरवरून इतिहास शिकवायचे. स्टिपेचा इतिहास १९१८ साली सुरू व्हायचा. ड्रागानचा त्याच्याही सव्वापाचशे वर्षं आधी, एका हरलेल्या लढाईपासून. त्यामुळे ड्रागानच्या बाजूला मला जास्त वेळ उभं राहावं लागायचं. माझे गुडघे दोन्ही बाजूंच्या विरोधात होते.

एप्रिलच्या सुरुवातीला ड्रागानने आम्हाला भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी दिली. तिला ते आयवार म्हणतात. हे स्टिपेने पाहिलं असणार, कारण दुसऱ्याच दिवशी त्याच्याकडून अंजिराचा जॅम आला. दोन्ही बरण्या सारख्याच, सोनेरी झाकणाच्या. फरक एकच. ड्रागानच्या बरणीवर ल्युबिचाच्या हातचं जुनं लेबल होतं, त्यांच्या सिरिलिक अक्षरांत; स्टिपेच्या बरणीवर त्याचं स्वतःचं, रोमन अक्षरांत. सुनंदाने बरणी धुताना त्या लेबलला पाणी लागू दिलं नाही. गेलेल्या बाईचं अक्षर आहे, म्हणाली.

आता आपल्याकडे रिकामं भांडं परत द्यायची पद्धत नाही. सुनंदाने दोन्ही बरण्यांत बेसनाचे लाडू भरले, कागदी पिशव्यांत घातल्या आणि मला ऑर्डर दिली. डाव्या हातातली डावीकडे, उजव्या हातातली उजवीकडे. सोपं काम. पण ती सांगत होती तेव्हा मी घराकडे तोंड करून उभा होतो. मग वळलो आणि निघालो. नकाशा वाचताना आधी आपलं तोंड कुठे आहे ते बघायचं असतं, हे मी पंचवीस वर्षं जवानांना शिकवलं. ११०० वाजता दोन्ही पिशव्या दोन पायऱ्यांवर ठेवल्या, बेल दाबून मागे फिरलो. सगळं नियमाप्रमाणे.

१११५ वाजता खिडकीतून पाहिलं तर स्टिपे त्याच्या पायरीवर बसलेला, मांडीवर बरणी. लेबलावरून बोट फिरवत होता. मी कपाळाला हात लावला. ल्युबिचाची बरणी चुकीच्या बाजूला गेली होती.

सुनंदा म्हणाली, “अहो, जा आणि सांगा सरळ.”

मी म्हणालो, “थांब. परिस्थितीचा अंदाज घेऊ दे.”

खरं सांगतो, मला भीती वाटली. स्टिपेला वाटलं असणार की ड्रागानने मुद्दाम बायकोची आठवण पाठवली. ड्रागानला वाटलं असणार की स्टिपेने स्वतःची बरणी भरून पाठवली. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी हललं होतं, आणि ते माझ्या गाढवपणामुळे हललं होतं. मी चूक कबूल केली असती तर दोघं पुन्हा आपापल्या खंदकात गेले असते, आणि त्या वयात पुढची संधी येत नाही.

त्याच आठवड्यात शनिवारी १६०० वाजता माझं ऑनलाइन व्याख्यान होतं. मंदारने इथल्या मराठी लोकांसाठी ठेवलेलं. विषय ‘युगोस्लाव्हिया का फुटला : एका तज्ज्ञाचं विश्लेषण’. मी ‘तज्ज्ञ’ काढायला सांगितलं. तो म्हणाला, “बाबा, फ्लायर गेला.” त्याने लिंक शेजाऱ्यांनाही पाठवली होती. व्याख्यान मराठीत आहे हे मी दोघांना सांगून पाहिलं. दोघंही म्हणाले, नो वरीज मेट, विषय आम्हाला माहीत आहे.

चाळीस चौकोन जमले. ड्रागान एका कोपऱ्यात, स्टिपेचं नुसतं कपाळ. पहिली चार मिनिटं मी म्यूटवर बोललो. मंदारने खूण केली. मी रॉजर म्हणालो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

माझं विश्लेषण साधं होतं. सहा प्रजासत्ताकं आणि वर एक मार्शल. १९८० साली मार्शल गेला, मागे महागाई आणि बेकारी राहिली, आणि पुढाऱ्यांच्या लक्षात आलं की लोकांना नोकरी देण्यापेक्षा शेजाऱ्याची भीती देणं सोपं. जग म्हणतं, तिथलं वैर शेकडो वर्षांचं. मी राहिलो त्या गावात ते दोन वर्षांचं होतं. त्याआधी माणसं एकमेकांच्या लग्नात नाचली होती, आणि बरीच लग्नं आपसांतच झाली होती. भाषा जवळपास तीच, लिपी वेगळी. दोघा शेजाऱ्यांना मराठी कळत नव्हती, पण गावांची नावं कळत होती. एका गावाला स्टिपे ‘नो’ म्हणाला, दुसऱ्याला ड्रागान. मला वाटलं, समतोल साधला.

मग प्रश्नोत्तरं. एका गृहस्थांना छोटीशी पुरवणी जोडायची होती. ती अठरा मिनिटं चालली आणि पानिपतापर्यंत गेली. ती संपली तेव्हा ड्रागानने माइक उघडला आणि इंग्रजीत विचारलं, “स्टिपे, ती बरणी तू पाठवलीस?”

स्टिपे म्हणाला, “माझ्याकडे ल्युबिचाची आली. तू पाठवलीस?”

आता दोघंही माझा चौकोन बघत असणार. खरं काय ते मला एकट्याला माहीत होतं.

इथे मला एक नोंद सांगितली पाहिजे. मार्च १९९३. आमचा दुभाषा गोरान, भूगोलाचा मास्तर. शिकवायचे नकाशेच चुकीचे ठरल्यामुळे माझी नोकरी गेली, असं म्हणायचा. त्या दिवशी १४०० वाजता दोन्ही बाजूंचे कमांडर युद्धविरामासाठी भेटणार होते. १११० वाजता दोन गोळ्यांचा आवाज आला. गोरान म्हणाला, “तो गिरणीवाला आहे, पिऊन कावळे मारतोय. हे लिहू नका, मेजर.” मी लिहिलं. दोन राउंड, स्मॉल आर्म्स, उत्तरेकडून. रेडिओवर कळवलं. पलीकडून विचारलं, “कन्फर्म?” मी म्हणालो, “कन्फर्म. ओव्हर.” १३०० ला बैठक रद्द झाली. १५२५ ला मॉर्टर सुरू झाले. गोरान जीपच्या रेडिएटरसाठी पाणी आणायला पंपाशी गेला होता. तिसरा गोळा तिथे पडला. माझी नोंद खरी होती, आजही खरी आहे. तिचं दुःख मला अजून होतं.

तर ड्रागान आणि स्टिपे उत्तराची वाट बघत होते. मी पुतळा झालो. तोंड अर्धवट उघडं, हात हवेत, पापणीही हलवली नाही. रियाची, म्हणजे माझ्या नातीची, ऑनलाइन शाळा असताना तिचा टीचर स्क्रीनवर असाच अडकायचा, ते मी रोज बघत होतो.

दारातून रिया म्हणाली, “आजी, आजोबा फ्रोझ.”

सुनंदा म्हणाली, “आत्ताच पापड खाल्लाय त्यांनी. काही झालं नाहीये.”

शेवटी ड्रागान म्हणाला, “हो. मी पाठवली.”

“मग मीही पाठवली,” स्टिपे म्हणाला.

आणि दोघं आपल्या भाषेत सुरू झाले. आधी हळू, मग जोरात. मला तिकडची थोडी भाषा येते. १९९० साली नेलेल्या एका शिडीवरून चाललं होतं. मग आवाज उतरले, ल्युबिचाचं नाव आलं, आणि स्टिपेचं कपाळ स्क्रीनवरून खाली गेलं. चाळीस मराठी माणसं मन लावून ऐकत होती. पुरवणीवाल्या गृहस्थांनी चॅटमध्ये विचारलं, हा व्याख्यानाचाच भाग आहे का. मंदारने हो लिहिलं. माझा हात दुखायला लागला होता. १७४० ला मंदारने मीटिंग बंद केली.

पुढच्या शनिवारी पंचवीस एप्रिल, इथला सैनिकांच्या स्मृतीचा दिवस, अॅन्झॅक डे. त्या वर्षी संचलनं बंद होती. लोकांनी पहाटे आपापल्या ड्राइव्हवेवर मेणबत्ती घेऊन उभं राहायचं, असं ठरलं होतं. ०५५० ला मी मेडल्स लावून बाहेर आलो. ड्रागान त्याच्या ड्राइव्हवेच्या टोकाला उभा होता. स्टिपेही आला. त्याची मेणबत्ती ल्युबिचाच्या बरणीत होती, लेबल बाहेरच्या बाजूला. त्याने ती दोघांच्या मध्ये, आमच्या ड्राइव्हवेवर ठेवली आणि दीड मीटर मागे सरकला.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, बरण्या मीच बदलल्या, चूक माझी, पाहिजे तर शिव्या द्या.

स्टिपे म्हणाला, “मेजर, आत पिवळे लाडू होते. आमचा अख्खा देश जागेवर होता तेव्हाही असला पदार्थ कोणी केला नव्हता.”

ड्रागान म्हणाला, “मला झाकण उघडल्यावरच कळलं.”

“मग विचारलंस कशाला?”

“काहीतरी विचारायला पाहिजे होतं ना, मेट.”

तज्ज्ञाने मान खाली घातली. ०६०० ला कोणाच्या तरी रेडिओवर बिगुल वाजला. आम्ही तिघं सावधानमध्ये उभे राहिलो. तिघांच्याही पाठी ताठ होत्या, कंबर दुखत असली तरी. बिगुल संपल्यावर स्टिपेने विचारलं, मी कोणासाठी उभा आहे. मी गोरानचं नाव सांगितलं. पंप सांगितला, ती नोंदही सांगितली. सुनंदाशिवाय ती मी कोणालाही सांगितली नव्हती.

“वय?” ड्रागानने विचारलं.

“एक्केचाळीस.”

“मुलं?” स्टिपेने विचारलं.

“एक मुलगी.”

दोघांनी टोप्या काढल्या. गोरान कोणत्या बाजूचा होता, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.