कळलावीचा कंद

बाबा खमरियाच्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांचे गुडघे पार गेले होते. घरामागच्या कुंपणावर कळलावीचा वेल होता. इथे हिंदीत तिला कलिहारी म्हणतात. आई तिचा कंद उकरून काढायची आणि सहाणेवर उगाळून बाबांच्या गुडघ्यांना लेप लावायची. या कंदावर तिचा भरवसा होता. माझ्या वेळी कळा येईनात, तेव्हा सुईणीने हाच उगाळून तिच्या तळपायांना लावला होता. "नुसता लावायचा, पोटात जाऊ द्यायचा नाही," असं तेव्हाच बजावलं होतं.

त्या सकाळी लेपाची वाटी बाबांच्या खाटेजवळ ठेवून आई अंघोळीला गेली. परत आली तर वाटी रिकामी.

"लेप कुठे गेला?"

"खाल्ला, गुळासोबत," बाबा म्हणाले. "लावून एवढा आराम पडते, तर पोटातून किती पडन!"

"अहो, जहर आहे ते!"

"काहून ओरडून राहिली? काही होत नाही."

दुपारपर्यंत उलट्या आणि जुलाबांनी ते गळून गेले. मी ऑफिसातून धावत आले, त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात नेलं.

"क्या खाया है इन्होंने?" डॉक्टरांनी विचारलं.

बाबा म्हणाले, "रात का चावल।" आईने नकारार्थी मान हलवली आणि कलिहारीचं नाव सांगितलं. डॉक्टरांनी लगेच सलाईन लावायला सांगितलं. मग मला बाहेर नेऊन म्हणाले, "दीदी, इसका कोई तोड़ नहीं है।"

दुसऱ्या दिवशी उलट्या थांबल्या. बाबांनी चहा मागितला, सुट्टी घेतली म्हणून मला रागावले. आई हुरूप येऊन घरी गेली, वरणभात घेऊन आली. तोवर लघवी बंद झाली होती. संध्याकाळी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डबा उघडलाच नाही. पहाटे बाबा गेले.

तिलवाऱ्याच्या घाटावर नदीत अस्थी सोडून परतताना आई ऑटोत म्हणाली, "उगाळला तर मीच ना?"

"तू लावायसाठी उगाळला होता, आई."

"अच्छा," ती म्हणाली.

अजूनही विचारते. भाजी निवडता निवडता, कधी टीव्हीसमोर बसल्या बसल्या. मी तेच उत्तर देते. ती "अच्छा" म्हणते, आणि मला माहीत असतं, तिला ते पटलेलं नाही.