बारावी जोडी

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त होती. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे लातूरच्या क्लासवाल्यांनी 'स्मरणशक्ती वाढवा' असे फलक लावले तेव्हा त्यांच्याविरुद्ध पत्रक लिहायला मला एक दुपार पुरली. मुलांचा मेंदू हा काय विकायचा माल आहे का, असं मी खडसावून विचारलं होतं.

त्याच वर्षी मी बाबांच्या मोबाईलवर स्मरणशक्तीचा खेळ टाकला.

कारण भीती. नांदेडला माझ्याकडे आले असताना त्यांनी एकच प्रश्न तासाभरात तीनदा विचारला होता. डॉक्टर म्हणाले, डोक्याला काम द्या. खेळ सोपा होता. चोवीस पालथी पानं, बारा जोड्या. सारखी चित्रं लागोपाठ उघडली की जोडी पडद्यावरून नाहीशी होते. खेळ माझ्या खात्यावर चालू केला होता, म्हणून लातूरला बाबांचा सकाळचा चहा झाला की नांदेडला मला त्यांचे गुण दिसायचे. पहिले दोन महिने उत्तम. मग रोज अकराच जोड्या. बारावी कधीच नाही.

मी एसटीने लातूर गाठलं आणि सकाळी त्यांच्या शेजारी बसले. त्यांची बोटं भराभर चालत होती. प्रत्येक जोडी लावताना ओठ हलत. शेवटची दोन पानं उरली आणि त्यांनी हात मांडीवर ठेवला.

"बाबा, दोनच तर राहिलीत. लावा की."

"दिसतंय मला. आंधळा न्हाई झालो अजून."

"मग?"

"नाव येत न्हाई, माय. नाव न घेता कशी काढू?"

भूकंपाच्या वेळी बाबा किल्लारीकडच्या एका गावात चौथीला शिकवत होते, हे मला माहीत होतं. पुढचं त्यांनी त्या सकाळी सांगितलं. शाळा पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा भरली तेव्हा त्यांनी सगळ्या वर्गाची हजेरी घेतली. गेलेल्या बारा जणांचीही. पालक दाखला मागायला आल्याशिवाय पटावरून नाव कमी करायचं नाही, हा नियम त्यांना पाठ होता. आणि पालक येणार कुठून? महिनाभर ते बारा नावं पुकारत राहिले. उरलेली मुलं माना खाली घालून ऐकत. शेवटी तपासणीला आलेला साहेब भडकला, "गुरुजी, काय चालवलंय हे? रेघा मारा." बाबांनी तांबड्या शाईने बारा रेघा मारल्या.

तेव्हापासून रोज सकाळी ती बारा नावं ते मनात म्हणत आले होते; खेळ आल्यापासून एकेका जोडीला एकेक. आता एक गळालं होतं. बारांतली आठवी मुलगी. घारे डोळे, डाव्या हाताने लिहायची, उजव्या हाताने लिही म्हणून बाबांनी तिला एकदा मारलं होतं. सगळं आठवत होतं, नाव सोडून.

"गावात जाऊन विचारू," मी म्हणाले. "शाळेत जुना पट असेल."

"पट पावसात गेला. मी जाऊन आलो. अन् तिच्या घरचं कोण उरलंय विचारायला?"

माझं डोकं सवयीने तापलं. त्या साहेबावर, त्या नियमावर. पण हरवलेलं नाव मागायचं कोणाकडे? मी वही काढली, म्हटलं, उरलेली अकरा तरी लिहून घेते. त्यांनी वहीवर हात ठेवला.

"लिहू नकोस. लिहिलं की मी आठवायचं सोडीन. म्हण माझ्यामागं."

चौथीतल्या मुलीसारखी मी म्हणत गेले. त्यांनी माझ्याकडून तीनदा घोकून घेतलं, एक चूक झाली तेव्हा पहिल्यापासून.

आता ती नावं मीही रोज म्हणते, नांदेडच्या खोलीत, भाजी चिरताना. सात नावं झाली की तोंड बंद होतं. एका नावाला लागतो तेवढा वेळ मी थांबते. तेवढ्यात कोणीतरी डाव्या हाताने लिहीत असतं, मान वर न करता. मग मी पुढचं नाव घेते.