तेवीसपैकी दोन पाहुणे

लातूरला माझ्या शाळेतल्या बाई निवृत्तीनंतर वधू-वर केंद्र चालवतात. त्यांची वेबसाइट मी नांदेडात बसून सांभाळतो. पैसे थोडे, पण बाईंना नाही म्हणायची हिंमत सातवीत नव्हती, ती आता कुठून येणार?

आपल्याकडं बायोडेटा म्हणजे अर्धी पोराची माहिती आणि अर्धी पाहुण्यांची यादी. मामा कुठले, आत्या कुठं दिली, चुलतभावाची सासुरवाडी कोणती, सगळं लिहितात. कारण पोरगं कसं आहे हे पोराला विचारून कळत नाही, पाहुण्यांना विचारून कळतं. ही गावं मात्र साइटवर उघडी दिसत नाहीत, दलाल उतरवून नेतात म्हणून. गाव टाइप करायचं, मग त्या गावात पाहुणे असलेली स्थळं समोर येतात.

हे पटकन शोधता यावं म्हणून कुठला शब्द कुणाच्या बायोडेटात आहे, याची एक वेगळी यादी यंत्र करून ठेवतं. तोच इंडेक्स. माझ्या उत्साहाला उधाण आलेलं, म्हणून अर्धं गाव टाइप केलं तरी सापडावं यासाठी मी प्रत्येक शब्दाचे तुकडे करून तेही यादीत घातले. वर्षभरात इंडेक्स मूळ बायोडेट्यांपेक्षा मोठा झाला. भाड्याच्या सर्व्हरवर जागा संपली आणि साइट रांगायला लागली. बाई फोनवर म्हणाल्या, "अरे, गोल गोल फिरतंय नुसतं. तोवर इथं लोकांचा चहा होतो."

मी तपासलं. सगळ्यात जास्त जागा पाहुण्यांनीच खाल्ली होती. म्हटलं, इतके पाहुणे कोण शोधतंय? प्रत्येकाचे पहिले दोन पाहुणे ठेवले, बाकीचे इंडेक्समधून काढून टाकले. साइट भन्नाट पळायला लागली. मी स्वतःवर इतका खूश, की बायकोला दोनदा सांगितलं.

पंधरा दिवसांनी बाईंचा फोन. धर्माबादच्या एका मुलाचे वडील त्यांना तासभर बोलले होते. औशाच्या एका गृहस्थांनी त्यांच्या मुलाला नकार दिला होता, का, तर "तुम्हाला पाहुणेच न्हाईत."

या गृहस्थांची थोरली मुलगी चौकशी न करता दिलेली, वर्षाच्या आत घरी परतलेली. धाकटीला हे धर्माबादचं स्थळ मनापासून आवडलं होतं. दोघं फोनवर बोललीही होती, पोरगं चांगलं आहे असं ती घरी म्हणत होती. पण चौकशीला ओळखीचं गाव हवं म्हणून वडिलांनी साइटवर औसा टाकलं, लोहा टाकलं, उदगीर, निलंगा टाकलं, मुलगा कुठंच येईना. त्याचे तेवीस पाहुणे होते. त्यातले पहिले दोन नेमके तेलंगणातले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी सगळं नीट केलं. शब्दांचे तुकडे बंद, इंडेक्समध्ये फक्त पूर्ण गावांची नावं. ज्यांची लग्नं होऊन पोरं बालवाडीत जायला लागली तेही यादीत ठाण मांडून होते, त्यांना बाहेर काढलं. तेवीसच्या तेवीस पाहुणे आत आले आणि वर जागा उरली. हे आधीच सुचायला काय झालं होतं?

"आता औशाला जा," बाई म्हणाल्या. "फोनवर नको सांगूस."

त्या गृहस्थांचं भांड्यांचं दुकान. सगळं ऐकून त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"म्हंजे पाहुणे हायत?"

"आहेत. मीच काढले होते. जागा पुरेना म्हणून."

"पाहुण्याला जागा पुरंना?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी माझ्या खानदानाला काळिमा फासला. मग म्हणाले, "चला धर्माबादला. तुम्ही बी यायचं. माझ्या तोंडानं कसं सांगू?"

बाईंनी तिकडं आधी फोन केला होता. मुलाचे वडील भलतेच दुखावलेले. आम्ही दारात पाऊल ठेवलं तर बैठकीत सतरंजीवर माणसंच माणसं. मुलाच्या वडिलांनी जमतील तितके पाहुणे बोलावून बसवले होते.

"मोजा," ते म्हणाले.

मी मान खाली घातली. गृहस्थ मात्र एकेक चेहरा बघत गेले आणि कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंपाशी थांबले. औशात त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी या बाईंची पिठाची गिरणी.

"मावशी, तुम्ही?"

"आत्या हाय मी पोराची. आमचे मालक आजारी होते तवा दोन महिने ह्यानंच त्यांना न्हाऊ-जेऊ घातलं. पोटच्या पोरानं केलं नसतं." पदरानं तोंड पुसत त्या म्हणाल्या, "दर आठवड्याला दळण घेऊन येता. एकदा इचारलं असतं तर?"

गृहस्थांनी मुलाच्या वडिलांपुढं हात जोडले. त्यांनी ते हात धरून शेजारी बसवून घेतलं, चहा सांगितला. मग गृहस्थांनी खिशातून फोन काढून घरी धाकटीला लावला. "बाई, तू म्हणाल्ती तसंच हाय बघ," एवढं कसंबसं बोलले आणि फोन माझ्या हातात दिला.

पलीकडं ती घाबरून विचारत होती, "पप्पा? काय झालं? बोला ना!"

"ते रडायलेत," मी म्हणालो. "म्हणजे हो समजा."