दिगंबररावांचा गुडघा

दिगंबरराव परचुऱ्यांचा उजवा गुडघा ठणठणीत होता. डावाही. एकसष्टाव्या वर्षी पुण्यात असे गुडघे म्हणजे मिरवण्याजोगी गोष्ट, आणि हा माणूस पाच महिने त्याच गुडघ्यांच्या नावानं खोटं बोलत होता.

खरं दुखणं मोठ्या आतड्याचं होतं. दिवाळीनंतर शौचाला रक्त पडायला लागलं. मूळव्याध असेल म्हणून त्यांनी दीड-दोन महिने अंगावर काढलं. शेवटी डॉक्टरांनी दुर्बीण घालून आतडं पाहिलं आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस असं नाव सांगितलं. आतून सूज आहे, जखमा आहेत, आटोक्यात ठेवता येईल, पण जन्माची सोबत समजा. बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत. दिगंबररावांनी सगळं नीट वहीत उतरवून घेतलं. बरोबर कोण आलंय, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, गाडी लावतायत. गाडीही नव्हती आणि ती लावणारंही कोणी नव्हतं. बायकोला, मंदाकिनीबाईंना, जाऊन चार वर्षं झाली होती. बंगळुरूच्या मुलीला, स्वरालीला, त्यांनी फोनवर ॲसिडिटी सांगून टाकली.

त्यांचं म्हणून जे काही उरलं होतं ते पहाटे तळजाईच्या टेकडीवर होतं. अकरा वर्षं चौघे मिळून चढायचे. दोघे नुसते बोलायचे, आणि सोनबा नुसता बरोबर चालायचा. सोनबा धनकवडीचा. मळ्याच्या जागी इमारती उभ्या राहिल्या तरी घरामागं दोन म्हशी राखून होता. मंदाकिनीबाई गेल्या तेव्हा बाकीचे सांत्वनाला आले. सोनबा मात्र तेरा दिवस रोज सकाळी दुधाची किटली ठेवून, न बोलता परत गेला होता. दिगंबररावांचा जीव होता त्या माणसावर.

जानेवारीत एकदा पार वर गेल्यावर पोटात कळ आली. टेकडीवर सोय नाही. ते कसेबसे खाली धावले, पण वेळेत घर गाठता आलं नाही. स्वेटर कमरेला बांधून, रिक्षावाल्याकडे न पाहता ते घरी आले. दुसऱ्या दिवशी सोनबाचा फोन आला तेव्हा तोंडातून निघून गेलं, गुडघा धरलाय.

गुडघा हे मोठं सोयीचं दुखणं. चारचौघांत सांगता येतं, आणि पुण्यात प्रत्येकाकडे त्यावर एक खात्रीचा माणूस असतो. शौचाचं कोण बोलणार? परचुऱ्यांच्या तीन पिढ्यांत ‘जाऊन येतो’ याच्या पुढं शब्द गेला नव्हता.

पण सोनबाच्या बायकोनं, तुळजाबाईंनी, ते दुखणं मनावर घेतलं. निर्गुडीचा पाला तिळाच्या तेलात उकळून त्या दर महिन्याला एक बाटली पाठवू लागल्या. सोनबा संध्याकाळी बाटली आणून द्यायचा, पाणी पिऊन जायचा. चार बाटल्या कपाटात तशाच ओळीनं उभ्या राहिल्या. दिगंबरराव रोज ते कपाट उघडायचे आणि शरमून बंद करायचे.

चालणं डॉक्टरांनी थांबवलं नव्हतं. म्हणून ते पहाटे आपल्याच इमारतीभोवती फेऱ्या मारत. फ्लॅट पहिल्या मजल्यावर, दार नुसतं लोटलेलं. कळ आली की वर धावायचं. एकट्यानं पंधरा फेऱ्या. मेअखेरीस असेच झपाझप चालत असताना त्यांना फाटकात सोनबा दिसला. टेकडीवर जाता जाता वाट वाकडी करून आलेला, हातात पाचवी बाटली. किती वेळ उभा होता कोण जाणे.

“गुडघा झ्याक हाय की,” सोनबा म्हणाला. बाटली वॉचमनच्या स्टुलावर ठेवली आणि निघून गेला.

आठ दिवस फोन नाही. नवव्या दिवशी मात्र त्यांना राहवलं नाही. आपल्याला खोटारडा समजून सोनबा दुरावला, तर मग आपलं कोण उरलं? रात्रीचं न जेवता, पहाटे दोनदा जाऊन येऊन ते टेकडीच्या पायथ्याशी उभे राहिले. तिघे उतरले. ‘परचुरे, टेकडीला अजून लिफ्ट नाही हो बसवली,’ असं एकानं ऐकवलं आणि दोघे पुढे झाले. सोनबा थांबला.

“सोनबा, गुडघा नव्हता. आतड्याचा रोग आहे. रक्त पडतं. कधी कधी कपड्यांतच होतं.”

सोनबानं रोगाचं नावही विचारलं नाही. तो आपल्या हातांकडे बघत राहिला.

“उभा जल्म शेणामुतात गेला माझा, दिगंबरराव. आन् तुमी मला लाजला?” मग जाता जाता वळून म्हणाला, “म्हातारी रोज देवापशी तुमच्या गुडघ्याचं मागती. तिला आता काय सांगू?”

दिगंबरराव घरी आले. पाचवी बाटली उघडून पाटावर बसले, पायजमा वर घेतला, आणि ते निर्गुडीचं तेल आपल्या दोन्ही धडधाकट गुडघ्यांना, थेंबही सांडू न देता, बाटली अर्धी होईपर्यंत चोळत राहिले.