इस्त्रीबाईच्या खोलीतली दुसरी खाट

इस्त्रीबाई गोड स्वभावाची आहे असं कुणी म्हटलं, तर त्याने तिच्या हातची चादर पाहिली असणार, तिला नव्हे. अकरा खोल्यांच्या त्या गेस्ट हाउसमधल्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल बावीस वर्षं तिच्याच हाताखालून जात होते. कामात नाकावर माशी बसू द्यायची नाही आणि बोलण्यात कुणाची भीडभाड ठेवायची नाही. नवरा गेल्यावर ती इथे आली आणि धुण्याघराला लागून असलेल्या खोलीत राहिली. मूलबाळ नव्हतं. वाढवलेली भाची लग्न करून लांब गेली. एक खाट, एक ट्रंक आणि मागच्या अंगणात उघडणारी एक खिडकी, एवढाच तिचा संसार.

थोरल्या मालकांमागे धाकटे मालक कारभार बघू लागले आणि त्यांना एक शोध लागला. परदेशातून फिरायला येणारी माणसं नुसतं राहणं-खाणं दिलं की रोज पाच तास फुकट राबतात, आणि वर आभारही मानतात! कॉम्प्युटरवर जाहिरात टाकायचा अवकाश, माणसं हजर. आधी माळ्याला नारळ मिळाला, मग स्वागताच्या टेबलावरच्या बाईला. फुकट ते पौष्टिक. आता आपलाच नंबर, हे इस्त्रीबाईला कुणी सांगायला नको होतं.

आणि ती आलीच. साठीची, इस्त्रीबाईच्याच वयाची, पाठीवर भलंमोठं बोचकं. कुठल्याशा शाळेतून निवृत्त झालेली. येण्याआधी इथली भाषा शिकली होती, अडखळत का होईना बोलायची. मालकांनी तिची खाट थेट इस्त्रीबाईच्या खोलीत टाकली.

"दोनच महिने, मावशी. जरा सरकून घ्या. आणि काम शिकवा त्यांना."

"सरकते की. भिंत सरकवून द्या, अजून सरकते."

मालक हसून निघून गेले. इस्त्रीबाईने मनातल्या मनात पाहुणीचं बारसं उरकलं: फुकटी.

फुकटी आळशी निघाली असती तर बरं झालं असतं. पण ती आधी उठायची, स्वतःची खाट आवरायची आणि तिसऱ्याच दिवशी कोपऱ्याला कोपरा जुळवून हुबेहूब इस्त्रीबाईसारखी घडी घालायला लागली. ओलसर चादर दोघींनी चार कोपऱ्यांना धरून ताणायची आणि मग इस्त्रीखाली घ्यायची, ही इथली रीत. ताणताना फुकटी हसायची. त्या हसण्याने इस्त्रीबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. हिचं घर तिकडे शाबूत, पेन्शन चालू, आणि ही हौसेखातर माझ्या पोटावर पाय देतेय!

दुसऱ्या आठवड्यात नवे गडद निळे टॉवेल आले. नवा टॉवेल पहिली दोन-तीन धुणी रंग सोडतो, तो वेगळाच धुवायचा. फुकटीने मशीनपाशी उभं राहून विचारलं, "हे चादरींबरोबर चालतील?"

"घाला की. न चालायला काय झालं?" इस्त्रीबाईने मानसुद्धा वर केली नाही.

बावीस पांढऱ्या चादरी निळसर होऊन बाहेर आल्या. दुपारी अकराही खोल्या भरणार होत्या. इस्त्रीबाईला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं.

मालक आले, चादरी बघून लालबुंद झाले आणि वळले ते इस्त्रीबाईकडे.

"तुमचं लक्ष कुठे होतं, मावशी?"

"माझं? मशीन यांनी लावलं!"

"त्यांना काय बोलणार? त्या काय पगार घेतात?"

करायला गेली एक आणि झालं भलतंच. तेवढ्यात फुकटी पुढे झाली. "चूक माझी. मी यांना विचारलंच नाही," ती म्हणाली. साफ खोटं! तो उपकार इस्त्रीबाईला मालकांच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबला.

मालकांनी मात्र संधी साधली. "वय झालं तुमचं, मावशी. असं करू. पुढच्या महिन्यापासून तुम्हीही यांच्यासारखंच करा. पाच तास काम, राहणं-खाणं आमचं. पगार नाही, म्हणजे बोलणीही नाहीत."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर खोली लागेल. दोन खाटा बसतात तिथे, आता बघितलंच आपण."

सगळ्या गेस्ट हाउसला धारेवर धरणारी बाई ती! तिने होकाराची मान डोलावली.

संध्याकाळी ती खोलीत आली तेव्हा फुकटी खाटेवर नकाशा पसरून बसली होती. मालकांचं बोलणं तिने ऐकलंच होतं आणि तिला मनापासून आनंद झाला होता.

"म्हणजे आता तुम्हीही आमच्यातल्या! मी इथून समुद्राकडे जाणार. तुम्ही पुढे कुठे जाणार?" तिने नकाशा इस्त्रीबाईपुढे सरकवला.

"मी फिरायला आलेली नाही, बाई," इस्त्रीबाई कडाडली. "मी इथे राहते!"

"हो? किती महिने?" फुकटीने विचारलं.

ते आता इस्त्रीबाईला मालकांनाच विचारावं लागणार होतं.