पुंडलिकरावांच्या पुस्तकाचं नाव

देवळीचे पुंडलिकराव टेलिफोन खात्यात लाइनमन होते. दिवसभर खांबावर चढायचे आणि रोज पहाटे चार ते सहा विज्ञानकथा लिहायचे. पाऊणशे कथा झाल्या, बहुतेक दिवाळी अंकांत. गावात त्या कोणी फारशा वाचल्या नाहीत, पण माणूस महाहट्टी. एखाद्या ग्रहाचं गुरुत्वाकर्षण चुकलं तर अख्खी कथा फाडून नव्यानं लिहायला बसत.

निवृत्तीनंतर त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं. 'तारांपासून ताऱ्यांकडे' हे नाव प्रकाशकालाही पसंत पडलं. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं आणि पत्नी, सुलोचनाबाई, चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेल्या.

तेरवी झाली, पाहुणे पांगले, मुलगी मोहिनी वर्ध्याला परत गेली. तिसऱ्या दिवशी घरातलं पाणी संपलं. पुंडलिकराव रिकामी बादली घेऊन शेजारच्या आनंदाबाईंकडे गेले आणि नळ बंद पडला का, म्हणून विचारू लागले.

"नळ पाहाटं पाचले येते भाऊ, एक दिवसाआड," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं झाले. तुमाले नाई माईत?"

नव्हतं माहीत. घरी येऊन त्यांनी हस्तलिखित उघडलं. 'पहाटे सारं घर झोपलेलं असे, मी एकटाच जागा,' असं त्यांनी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. त्याच पानावर चार ओळी खाली होतं, 'साडेपाचला वाफाळता चहा हाताशी येई.' परग्रहावरचा हिशेब ताडून बघणाऱ्या या गृहस्थाला ते दिसलंच नव्हतं. त्यांना स्वतःची इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती.

मग लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. आपली पहिली कथा त्यांनी बायकोला वाचून दाखवली होती. चाळीस माणसं दूरच्या ग्रहावर वस्ती करतात, अशी. तांदूळ निवडता निवडता सुलोचनाबाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि एकच विचारलं, "तिथं पानी कोन भरते?"

पुंडलिकराव खो खो हसले होते. तुला विज्ञानातलं काय कळतं, असंही म्हणाले होते. त्यानंतर त्यांनी बायकोला एकही कथा वाचून दाखवली नाही आणि त्या माउलीनंही कधी मागितली नाही.

पहाटेचं ते प्रकरण त्यांनी मुळापासून नव्यानं लिहिलं. तीन महिने लागले, कारण दिवसाआड पाचला लिहिणं अर्धवट सोडून पाणी भरावं लागे आणि मग लिहिण्यात लक्ष लागत नसे. पुस्तकाचं नावही बदललं: 'पाणी कोण भरते?' हे तर नगर परिषदेला दिलेलं निवेदन वाटतं, अशी प्रकाशकानं कुरकुर केली. पुंडलिकराव ऐकेनात.

छापायच्या आधी मोहिनीनं सगळं वाचलं. नाव तिला आवडलं, पण तुम्ही आईला हसलात तेवढं गाळा म्हणाली. लोक नावं ठेवतील, आणि आईच्या तर ते मनातही राहिलं नसेल.

"राहू दे," पुंडलिकराव म्हणाले. "तिची माफी मांगाची राह्यली माही. आता कोनाले मांगू?"