पडद्याविरुद्ध तीन पत्रकं आणि मैत्रिणीची व्हेल

पडदा या विषयावर मी आजवर तीन पत्रकं लिहिली आणि एक पडदा शिवला. पत्रकं कुणी वाचली, सांगता येत नाही. पडदा मात्र अख्ख्या चर्चनं पाहिला.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली होती. मी मोहाडीत राहून गावोगाव बायकांना जागं करत हिंडायची. सायक्लोस्टाइल पत्रकांचा गठ्ठा सायकलच्या कॅरिअरला बांधायचा, आंधळगावच्या बाजारात उभं राहायचं आणि वांगी निवडणाऱ्या बाईला विचारायचं, हा डोक्यावरचा पदर कुणासाठी? एकीनं सांगितलं, उन्हासाठी. तिचं उत्तर मी तिथल्या तिथे प्रतिगामी ठरवलं.

शाळेत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. लग्न ठरल्यावर ती मच्छरदाणीचं पांढरं कापड घेऊन आमच्याकडे आली, कारण आईचं शिवणयंत्र आमच्याकडे होतं. तिला व्हेल शिवून हवी होती. व्हेल म्हणजे नवरीच्या डोक्यावरून सोडायची जाळी. मागं पाठभर, पुढं हनुवटीपर्यंत. शपथा झाल्या की नवरा पुढचा भाग उचलून मागं टाकतो. त्यांच्या चर्चच्या मंडळीत सगळ्या नवरीमुलींना मिळून एकच व्हेल होती. पेटीतून काढायची, घालायची, धुऊन परत द्यायची. तिच्या आईनं तीच घातली, दोन्ही बहिणींनीही तीच. आता ती हळदीसारखी पिवळी पडली होती.

"मले माही पाहिजे," ती म्हणाली. "परत न द्याची."

मी हो म्हटलं. पण मशीनवर बसले आणि माझ्यातलं पत्रक जागं झालं. पाठीवरच्या जाळीला माझी हरकत नव्हती, ती शोभेची. पण तोंड झाकायचं? आणि ते उघडायचा हक्क नवऱ्याला? चांगली शिकलेली, गावाला इंजेक्शन देणारी बाई! मी कात्री घेतली आणि पुढचा भाग कापून टाकला. कापताना माझी मान ताठ होती, हेसुद्धा आठवतं.

तुकडा फेकवेना. शेजारी तलावात मासे धरणारी मावशी राहायची, तिला दिला.

"झिंग्याले बेस होईन," म्हणत तिनं तो दोन काड्यांना बांधून त्याची झोळी केली. मला धन्य वाटलं. गुलामीच्या चिन्हाचं श्रमाच्या साधनात रूपांतर. हे वाक्य मी वहीत लिहूनही ठेवलं.

लग्न शनिवारी होतं. गुरुवारी मैत्रीण व्हेल बघायला आली. डोक्यावर घेतली, आरशात पाहिलं, हातानं कपाळापुढं चाचपलं.

"पुढचं कुठं आहे?"

मी सांगायला लागले. तिनं मला तिसऱ्या मुद्द्यापर्यंत बोलू दिलं.

"तू मले इचारलं का?"

"अगं, तुझ्या भल्यासाठीच..."

"माहा बाप बी असंच म्हणते. त्यानं निदान पोरगा तरी दाखवला." ती मशीनच्या स्टुलावर बसली. "दवाखान्यात दिवसभर माहं तोंड सारेच पायते. पाच मिनिटं ते माह्याजवळ राहू दे म्हटलं होतं. जाऊ दे. पेटीतलीच घालीन."

ती भांडली असती तर मी जिंकले असते; भांडायची मला सवय आहे. 'पेटीतलीच' ऐकल्यावर मात्र मी तलावाकडे पळाले.

मावशी गुडघाभर पाण्यात उभी होती. व्हेलचा पुढचा भाग झिंग्यांनी भरला होता.

"मावशी, ते कापड परत द्या."

"देल्लं कापड वापस मांगते का वो?"

"नवरीच्या तोंडावरचं आहे ते."

तिनं झोळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग कापलं काहून?"

तीन पत्रकं पाठ असूनही मी फक्त हात पुढे केला. तिनं झिंगे टोपलीत ओतले. "रिठ्यानं धू. निंबू लाव. नाही तं नवरदेव तोंड उघडाच्या आधीच पळन."

तीनदा धुतलं. दर वेळी मैत्रीण जखम तपासावी तशी जाळी नाकाशी नेई आणि म्हणे, "अजून." शुक्रवारी दुपारी एकदाची ती पास झाली.

आता शिवायचं. मच्छरदाणीचं कापड नुसतंच मशीनखाली घातलं तर मशीनचे दाते ते ओढून चुरगळतात. खाली कागद ठेवून शिवायचं, मग कागद फाडून काढायचा. आमच्या घरात मुबलक कागद एकाच जातीचा होता. 'पडदे फेकून द्या' या माझ्या पत्रकाच्या मी स्वतःच पट्ट्या कापल्या, जाळीखाली सरकवल्या आणि पडदा होता तिथे परत शिवला. या वेळी मान मशीनवर वाकलेली होती. मग दोघी सुईच्या टोकानं कागद काढत बसलो. काही कपटे टाक्यांत अडकलेच. जोड डोक्यावर, फुलांच्या मुकुटाखाली येणार होता, म्हणून ती म्हणाली, राहू दे.

शनिवारी मी शेवटच्या बाकावर, शेजारी मावशी. "झिंग्याची बास येते का वो?" ती तीनदा विचारून चुकली. जाळीआड मैत्रिणीचा चेहरा होता, पण ती हसतेय, घाबरलीय की पाळकसाहेबांचं प्रवचन ऐकतच नाहीये, कुणाला कळेना. पहिलीपासून तिला ओळखणाऱ्या मलाही नाही. आपली पाच मिनिटं तिनं पुरेपूर घेतली. मग नवऱ्यानं जाळी उचलली. जोड ताणला गेला. टाके टिकले. फक्त एक कपटा निसटून तिच्या केसांवर पडला.

बाहेर पायऱ्यांवर तिनं तो काढून वाचला.

"'फेकून द्या' लिहिलं आहे," ती म्हणाली. शेजारी उभ्या नवऱ्याकडे तिनं एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. "कोनाले?"

माझे मुद्दे तयार होते. तोंडही उघडलं होतं.

"तुझं तू ठरव," मी म्हटलं. दोन वर्षं बाजार गाजवून हे वाक्य मी पहिल्यांदाच एखाद्या बाईला म्हणत होते.